साधं नको

पंपावर नळी हातात घेऊन उभा असलेला माणूस विचारायचा, “साधं का स्पेशल?” आणि आत्या मागच्या गाडीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, “स्पेशल. साधं आमच्या नशिबाला हाय, गाडीला नको.” तिची स्कूटी कुणा क्लार्कने वापरून विकलेली होती. उजवा आरसा नव्हता, सीटला जाड दोऱ्याची शिवण होती. शेजारच्या चकचकीत मोटारी साधंच भरून निघून जायच्या. आत्याला त्यांची कीव यायची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुकुंदवाडीत एकटी राहायची आणि चिकलठाण्याच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. बारावीनंतर मी सोयगावहून तिच्याकडे शिकायला आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. रिक्षा बदलत जाण्यात माझा पहिला तास बुडतो, हे कळल्यावर तिने चाळिशी उलटल्यानंतर ही गाडी घेतली आणि स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत पडत-झडत शिकली. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आत्याने मनावर घेतलं नाही. “हसा. उद्या दवाखान्यात जायची येळ आली की माझ्याच मागं बसताल,” म्हणाली. आणि बसल्याही.

गाडीशी ती माणसासारखं बोलायची. सकाळी मला सोडायला निघताना सीटवर थोपटून म्हणायची, “चल माय, पोरीचा तास हाय.” जयंतीला हँडलला निळा झेंडा लागायचा आणि गाडीला आंघोळ घातली जायची. तिचं मागणं एकच होतं. माझी डिग्री हातात पडेपर्यंत गाडी टिकायला हवी होती, आणि पदवीदानाला मला मागे बसवून तिला कंपनीच्या गेटासमोरून न्यायचं होतं. स्पेशल पाजलं की गाडीचं आयुष्य वाढतं, यावर तिचा पक्का विश्वास होता. कँटीनमधल्या बायकांना ती सांगायची, बाळंतिणीला डिंकाचा लाडू, तसं गाडीला स्पेशल.

दुसऱ्या वर्षी आम्हाला रसायनशास्त्रात ऑक्टेन शिकवलं. मी उत्साहाने घरी येऊन सांगितलं, की आत्या, स्पेशलमधलं जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद नाही. इंजिनात दाब पडल्यावर पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटू नये, एवढाच त्याचा उपयोग. ज्या इंजिनात दाब फार असतो त्याला ते लागतं. तुझ्या गाडीला साधं पुरतं, स्पेशलने ती जास्त पळत नाही आणि जास्त जगतही नाही. आत्या कणीक मळत होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे दाब सोसायची ताकद?”

“हो, तसंच.”

“मग ताकदच झाली की. आन् माझ्या गाडीवर दाब कमी हाय का? मी हाय, तू हाय, तुझी पुस्तकं हायत, महिन्याला सिलेंडर हाय.”

मी हसले. तीही हसली. पुढच्या रविवारी पुन्हा स्पेशल.

शेवटच्या वर्षी, शेवटच्या पेपरच्या दिवशी, सिडकोच्या रस्त्यावर गाडीने एकदम दम तोडला. चाक जागच्या जागी अडकलं; आम्ही पडता पडता वाचलो. आत्याने आधी मला रिक्षात बसवलं, म्हणाली, “तू पेपर बघ, मी हिला बघते.” मी पेपर लिहिला. ती उन्हात गाडी ओढत, ढकलत गॅरेजात घेऊन गेली. संध्याकाळी मी पोचले तेव्हा इंजिन उघडून ठेवलेलं होतं. आतलं तेल कधीच संपून गेलं होतं, आणि कोरडं पडून इंजिन जाम झालं होतं. मेकॅनिकने विचारलं, तेल शेवटचं कधी बदललं. आत्याने ते कधी बदललंच नव्हतं. तेल वेगळं घालावं लागतं हे तिला माहीत होतं, पण ते साधं पिणाऱ्या गाड्यांना, अशी तिची समजूत होती.

“पर मी स्पेशल पाजत होते ना रं,” एवढंच ती म्हणाली.

गाडी भंगारात गेली. आत्याने दुसरी घेतली नाही. कुणी घे म्हटलं की म्हणायची, आता कुणाचा तास बुडतोय.

आत्याला जाऊन आता दोन पावसाळे झाले. माझी स्वतःची गाडी आहे. पंपावर मी साधं सांगते, आणि गाडीचं तेल न चुकता बघते. दोन्ही बरोबरच आहे. तरी ‘साधं’ म्हणताना माझा आवाज मागच्या गाडीवाल्यापर्यंत जात नाही.

पदवीदानाला आम्ही रिक्षाने गेलो होतो. येताना कंपनीचं गेट आलं, तेव्हा आत्याने मान वर केली नाही. पुढे तिचा पंप आला. डिग्रीची गुंडाळी तिच्या मांडीवर होती. तिने विचारलं, “खरं सांग. साधं पाजलं असतं तरी तेवढीच पळाली असती व्हय?”

“व्हय, आत्या.”

“तेवढीच?”

“तेवढीच.”

पंप मागे पडेपर्यंत ती मान वळवून बघत राहिली.

“बरं झालं,” ती म्हणाली, “म्या तवा तुझं ऐकलं नाय.”