हयातीच्या दाखल्यावर बाबांची सही

मंडळी, माझे नातेवाईक या ग्रुपवर नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

बाबा जाऊन दोन महिने झाले. त्यांच्या आठवणीसाठी घराण्याची वंशावळ करतोय. आजोबा लढाईत गेले, असं बाबा कायम सांगायचे. म्हणून आजोबांच्या फौजेतल्या नोंदींसाठी अर्ज केला होता. उत्तर गावी आलं, आणि आज दुपारी भावाने ते मला इथे शारजाच्या ऑफिसात फॅक्स केलं.

मी सात वर्षांचा होईपर्यंत आजोबांना पेन्शन मिळत होती! सोबत दर वर्षीचे हयातीचे दाखले. प्रत्येकावर आजोबांचा अंगठा, आणि 'ओळख पटवणारा' म्हणून खाली बाबांची सही.

अजमानला घरी येऊन थोरल्या आत्याला फोन लावला.

"आत्या, आजोबा लढाईतच गेले ना?"

ती म्हणाली, "तुझा बाप होता तोवर नाही सुचलं विचारायला?"

मग तिने सांगितलं. आजोबा लढाईतून परत आले होते. पण त्यांनी दुसऱ्या गावात दुसरा संसार मांडला. "आपल्यासाठी ते मेले," असं सांगून आजीने मुलांना शपथ घातली. तरी त्यांची पेन्शन बंद पडू नये म्हणून बाबा दर वर्षी गुपचूप त्यांची ओळख पटवायला ट्रेझरीत जायचे.

"त्यानं जन्मभर झाकलं, आणि तू छापून वाटणार? खलास झालं ते सगळं," म्हणून आत्याने फोन ठेवला.

शुक्रवारी वंशावळ सगळ्यांना पाठवायची आहे. आजोबांच्या नावापुढे 'लढाईत मृत्यू' असं टाइप केलेलं आहे.

ते जिवंत आहेत, अशी सही बाबांनी दर वर्षी केली. मग मी ती ओळ ठेवू की खोडू?