खिडकीशेजारची रांग

मेव्हिस टक्सफर्ड इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदराच्या गोदीत कॉड मासे चिरायची. सुरी जलद, जीभ त्याहून जलद. मुकादमसुद्धा तिला वचकून असायचा. फक्त शाळेचं फाटक दिसलं की तिची दातखीळ बसायची. लिंबू चोळा, सोडा चोळा, माशांचा वास तिच्या हातांशी संसार मांडून बसलेला.

तोच वास लेकीच्या, जेनेटच्या स्वेटरला. वर्गावरच्या लडलम बाईंनी वाटणी सोपी केली होती: कारकून-दुकानदारांची मुलं पुढे, गोदीवाल्यांची मागे, उघड्या खिडकीशी. हायस्कूलच्या निवड परीक्षेचे सराव-पेपर पुढच्यांना. मागच्यांनी रंगाच्या वाट्या धुवायच्या. जेनेट वाट्या झकास धुवायला शिकली, आणि गणित आपल्यासारख्यांचं काम नाही, असं आईलाही समजावू लागली.

मग बाई बर्फावर घसरल्या, पाय मोडला. त्यांच्या जागी ॲशबी मास्तर आले. गावात नवे आणि बारमाही सर्दीचे. नाकच बंद, तर कोण कुठल्या गल्लीतलं हे कळणार कसं? बिचाऱ्यांनी सगळ्यांनाच पेपर वाटले. बघता बघता जेनेट पुढे बसली आणि घरी पाव कापताना आईलाच अपूर्णांक शिकवू लागली.

परीक्षा तोंडावर आली आणि लडलम बाई काठी टेकत परतल्या. जेनेट पुन्हा खिडकीशी. पोरगी घरी येऊन म्हणाली, "बरंच झालं, आई. आपली जागा तीच."

मेव्हिसला ते सुरीसारखं लागलं. दुसऱ्या दिवशी गोदीतल्या जेवणाच्या सुट्टीत, रबरी बूट आणि खवलेभरल्या एप्रनसकट ती भर वर्गात उभी. वाटेत पाठ केलेलं सगळं दारातच विसरली.

"तुमच्यासारख्या घरातल्या मुलींना उगाच आशा लावू नये," बाई मऊपणे म्हणाल्या. "तिच्या भल्याचंच सांगते."

"मासे मी चिरते, बाई. गणितं ती सोडवते. तिला एक पेपर द्या, मी बसते इथे."

आणि बसली, थेट पहिल्या बाकावर, केमिस्टच्या मुलाला सरकवून. उरलेल्या खिडक्याही भराभर उघडल्या. ही बया जावी म्हणून का होईना, बाईंनी पेपर दिला. जेनेटने आधी आईच्या बुटांकडे पाहिलं, मग पेपरकडे, आणि तो सोडवून दिला. बाईंची लाल पेन्सिल बराच वेळ फिरली, चूक म्हणून एकाच गणितावर टेकली.

"बसू दे पुढे," बाई पुटपुटल्या.

मेव्हिस बाहेर आली. भिंतीला टेकून ती मनसोक्त रडली, मग उशिरा आल्याबद्दल मुकादमाच्या शिव्या हसत खाल्ल्या.

परीक्षा जेनेट पुढे पास झालीच. पण मेव्हिसचा जीव भांड्यात पडला तो वर्गातल्या त्या दिवशीच, संध्याकाळी. ती चिप्स तळत होती आणि जेनेट तावातावाने सांगत होती, की ते एक गणितसुद्धा बरोबरच होतं, बाईंचंच चुकलं.