दुसऱ्याच्या आयडीवरून

कोर्टात जजसाहेबांनी आमच्या मुलीला चेंबरमध्ये बोलावून विचारलं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. कोणाकडं राहायचं? तिनं सांगितलं, पुण्याला, बाबांकडं. शाळा तिथं होती, मैत्रिणी तिथं होत्या, आत्या खालच्याच मजल्यावर राहायची. मी बाहेर बाकावर बसले होते. ती बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आई, तुला राग आला का?" मी नाही म्हणाले. खरंच आला नव्हता. आला असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं.

मी तोवर सोलापूरला माहेरी येऊन राहिले होते. जुळे सोलापूर या वस्तीत माझ्या आईचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता आणि एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली होती. महिन्यातला एक शनिवार-रविवार मी पुण्याला जायची. बाकीच्या रविवारी फोन. बारा वर्षांच्या होत आलेल्या मुलीशी फोनवर काय बोलायचं असतं हे मला कधीच जमलं नाही. जेवलीस का? हं. काय होतं? भाजी. कसली? विसरले. मग मागं त्यांच्या घरातला टीव्ही ऐकू यायचा.

एका रविवारी मात्र ती आपणहून बोलत सुटली. वाढदिवसाला बाबांनी तिला टीव्हीला जोडायचं गेमिंगचं कन्सोल घेऊन दिलं होतं. त्यावर एक गेम होता. एक रिकामं बेट असतं, त्यावर दोघांनी मिळून लाकडं तोडायची, शेत करायचं, घर बांधायचं. एकटीनं खेळलं तर घर होतं, पण लहानच होतं.

"तू पण घे ना," ती म्हणाली. "तू तिकडून खेळ, मी इकडून. बोलता पण येतं त्यात."

मी लगेच हो म्हणाले. घ्यायचं म्हणजे काय घ्यायचं हे मला माहीत नव्हतं.

कॉलेजमधला एक मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी चालला होता, त्यानं त्याचं जुनं कन्सोल मला विकलं. ते डिस्क न लागणाऱ्यातलं होतं. गेम नेटवरून उतरवून घ्यायचा. म्हणजे जुनी डिस्क स्वस्तात आणायची वाट आधीच बंद. माझ्या आईनं ते पांढरं यंत्र टीव्हीशेजारी ठेवलेलं बघितलं आणि म्हणाली, "लेकराशी बोलायला बी आता बाजारातनं आणावं लागतंय व्हय?"

ग्रंथालयात पुस्तकं घेताना चार विक्रेत्यांकडून कोटेशन मागवायची मला सवय. तशीच मी या गेमच्या मागं लागले. दुपारच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि मोबाईलवर एकेक साइट बघत बसायचं. गेम एकच, पण भाव नाना तऱ्हेचे. की म्हणून एक कोड मिळायचा. तो आपल्या अकाउंटमध्ये टाकला की गेम आपला, कायमचा. तीच की दुसऱ्या एका देशातली घेतली तर जवळजवळ निम्म्यात, पण ती भारतातल्या अकाउंटला लागत नाही असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं. आणि सगळ्यांत स्वस्त म्हणजे शेअरिंगचं अकाउंट. शब्द ओळखीचे वाटायचे, अर्थ कळायचा नाही. शेवटी सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका दुकानात गेले. चष्मा कपाळावर चढवलेला, पन्नाशीचा माणूस होता. मोबाईल दुरुस्त करायचा आणि गेम विकायचा.

"शेअरिंग म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"मॅडम, बोलेतो एका माणसानं गेम घेतला, आणि त्याच्याच अकाउंटवर दोघांना विकला. एक प्रायमरी, एक सेकंडरी. प्रायमरीवाला आपल्या नावानं खेळतो. सेकंडरीवाल्यानं मूळ मालकाच्या अकाउंटमधी जाऊन खेळायचं. त्याचंच नाव दिसणार."

"प्रायमरी आहे?"

"प्रायमरी खतम. सेकंडरी आहे. कीच्या पाव किमतीत." मग चष्मा डोळ्यांवर ओढून त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "कुणासाठी होना?"

मी सांगितलं. पुण्याला मुलगी आहे, तिच्याबरोबर खेळायचंय.

"मग ऐका. महिन्याभरात सेल लागतो. तेव्हा की घ्या, तुमच्या नावाची. तोपर्यंत सेकंडरीवर हात बसवा. तुम्हाला जमतंय का, मुलीला पसंत पडतंय का, तेही कळेल."

मला ते पटलं. आजही कोणी विचारलं तर त्या दिवशी त्यात न पटण्यासारखं काय होतं ते मला सांगता येणार नाही.

पहिल्या दिवशी तिच्या स्क्रीनवर कुठल्यातरी मुलाचं नाव आणि पुढं आकडे, असं काहीतरी उमटलं. तिच्या बाबांनी फोन करून ती मीच आहे याची खात्री करून घेतली, मग परवानगी दिली. तिला त्या नावाची फार मजा वाटली. मैत्रिणींना दाखवायची म्हणे, हा दिसतोय ना, ही माझी आई आहे.

मला खेळता येत नव्हतं. मी चालायला जायची आणि पाण्यात पडायची. झाड तोडायला जायची आणि तिनं लावलेलं रोप उपटायची. ती हसून हसून लोळायची. "आई, डावा अंगठा. डावा. तुझा डावा कुठला ते तरी माहितीये का?" मग हळूहळू मी लाकडं गोळा करायला शिकले, आणि आमचं घर वर यायला लागलं. तिला त्याला गच्ची हवी होती. आणि माझ्यासाठी पुस्तकांची खोली.

खेळता खेळता ती बोलायची. शेंगा फोडायला बसलं की बायका कशा बोलतात, हात चालू असतात, डोळे खाली असतात, आणि समोरासमोर कधी तोंडातून निघाली नसती अशी गोष्ट सहज निघून जाते, तसं. वर्गातली एक मुलगी आता हिच्याशी बोलत नाही. गणिताच्या बाईंना बाळ होणार आहे. बाबा कधीकधी जेवताना नुसतेच बसून राहतात. मी मध्येच म्हणायची, "हे लाकूड कुठं ठेवू?" ती सांगायची, आणि पुन्हा बोलायला लागायची. आयुष्यात इतकी माझ्या वाट्याला ती कधी आली नव्हती. पुण्यात एका घरात राहत होतो तेव्हाही नाही.

आणि एका रविवारी दुपारी मला आत शिरताच येईना. हे अकाउंट दुसरीकडं वापरात आहे, असं स्क्रीनवर यायचं. मी बंद करून पुन्हा लावलं. वायफाय बंद करून पुन्हा लावलं. तिच्या बाबांच्या फोनवर फोन केला, कोणी उचलला नाही. वाटलं, कुठं बाहेर गेले असतील. दुकान रविवारी बंद. मी आईला चहा केला, कपडे आत घेतले, इस्त्री करत बसले.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"दुपारी गेमवर तू होतीस ना?"

"नाही. लागतच नव्हतं. मी फोन पण केला होता."

"माझा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता." मग म्हणाले, "मग ती बोलली कुणाशी?"

हळूहळू त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी तिला पहिल्यांदा पाळी आली होती. आत्यानं वर येऊन सगळं समजावलं, हवं नको बघितलं. बाबा मला फोन लावायला निघाले तर तिनं अडवलं. आईला मीच सांगणार, म्हणाली. आमच्या खेळायच्या वेळेपर्यंत ती थांबून राहिली. दुपारी ते नाव स्क्रीनवर आलं. तिनं बेटावर बोलावलं, तिकडून ते आलं. तिनं कानाला हेडफोन लावला, खोलीचं दार लोटून घेतलं आणि सांगितलं.

पलीकडून दोन-तीन तरुण पोरं हसली. एकजण हिंदीत म्हणाला, अरे, ही बच्ची कोण आहे रे? आणि सगळे पुन्हा हसले. तिनं हेडफोन ओढून काढला तेव्हा ते हसू टीव्हीतून बाहेर, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं.

"मला वाटलं, तुझ्याकडं कोणी पाहुणे आलेत," ते म्हणाले. "तिला पण तेच वाटलं. तिला वाटलं, तू लोकांत बसून तिला हसलीस."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. मी म्हणाले, तिला फोन द्या. ती आली नाही.

माझी आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं नाही, मीच सांगितलं. ती खाली बसली. "शहाणी झाली की पोर," एवढंच म्हणाली. मग पदर डोळ्यांना लावला. कुणासाठी लावला, नातीसाठी की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पुण्याला गेले. जाताना आईनं रव्याचे लाडू बांधून दिले. मुलगी शाळेतून आली, मला बघून बॅग ठेवली, पाणी प्यायली. आम्ही तिच्या खोलीत पलंगावर बसलो.

"ती मी नव्हते गं," मी म्हणाले.

"माहितीये. बाबांनी सांगितलं."

"ते अकाउंट दुसऱ्याचं होतं. त्यानं ते आणखी कुणाला तरी विकलं असणार."

"हं."

"मला आता सांगशील?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिची नजर मोठ्या बाईसारखी होती, आणि ती मोठी कुठल्या दिवशी झाली ते मला ठाऊक होतं. "आता काय सांगू?" ती म्हणाली. "तुला माहितीये की."

"तरी सांग."

"सांगितलं ना मी एकदा." तिचा आवाज चढला नाही. "मी तुलाच सांगितलं होतं, आई. ते तुझ्यापर्यंत आलं नाही, तर मी काय करू?"

मी तिला जवळ घेतलं. ती आली, डोकंही टेकवलं, पण हात मांडीवरच राहिले. लाडू मात्र तिनं खाल्ला. आजीचे लाडू चांगले असतात, म्हणाली.

सोलापूरला परतल्यावर मी दुकानात गेले. भांडायच्या तयारीनं गेले होते. ऐकता ऐकता त्या माणसाचा चेहरा उतरला. त्यानंही ते अकाउंट नेटवरच्या कुठल्यातरी विक्रेत्याकडून घेतलं होतं, आणि त्या विक्रेत्यानं एकच सेकंडरी कितीजणांना विकलं होतं कुणास ठाऊक. त्यानं गल्ल्यातून माझे पैसे काढून काउंटरवर ठेवले. "मेरी भी बच्ची है, मॅडम," म्हणाला. मला भांडता आलं नाही. सेलची वाट न बघता मी तिथंच की घेतली, माझं अकाउंट माझ्या पूर्ण नावानं उघडलं, आणि मुलीला विनंती पाठवली.

तिनं ती स्वीकारली. रविवारी बेटावरही आली. घर होतं तसंच होतं. तिनं गच्चीचं राहिलेलं काम केलं, मी लाकडं आणून दिली. मी बोलत होते, ती ऐकत असावी, कारण मी सांगितलं ते ती करायची. पण तिनं माइक चालू केला नाही. मी विचारलं तर तिनं लिहून पाठवलं, खराब झालाय. पुढच्या रविवारी तेच. मग परीक्षा आली, मग मैत्रिणींचा दुसरा कुठलातरी गेम आला. मी काही दिवस एकटीच जाऊन शेताला पाणी घालायची. नंतर तेही सोडलं.

आता तिचा स्वतःचा फोन आहे. ती मला रविवारी फोन करते, कधी मधल्या वारीही. आमचं चांगलं चाललंय असं कोणीही म्हणेल. मे महिन्यात येते, आजीकडून केसांना तेल लावून घेते, माझ्याबरोबर दुकानात जाऊन कपडे निवडते. तिच्या मनात कडवटपणा नाही, ती तशी मुलगीच नाही.

फक्त फोन लागला की ती आधी बोलत नाही. पलीकडं तिचा श्वास ऐकू येतो. मी काहीतरी बोलेपर्यंत ती थांबते. माझा आवाज ओळखते. मग म्हणते, "हां, आई."