नावाआधीचं अक्षर

ऐक वं पोरी, कान इकडे कर. फोन करणंही सोडलं तुनं, म्हून मीच लावला! आज प्लास्टिकच्या भुशाचा वास आला आन् अकोल्याचं आमचं नावाच्या पाट्यांचं दुकान आठवलं. पाटी वरून काळी, आतून पांढरी. मशीन कोरण्याआधी अक्षरं कशी उमटतीन ते पडद्यावर दिसे. त्या वर्षांत जीव देलेल्या शेतकऱ्यांच्या फोटोखालच्याच पाट्या इतक्या, की एका बाईच्या नवऱ्याच्या नावाआधी माह्या हातानं सवयीनं ‘कै.’ पडलं. ती पडद्याकडे पाहत म्हणाली, “जित्ते हायेत वं माय, दवाखान्यात. घरी येतीन तवा फाटकावर आपलं नाव पायतीन, म्हून बनवून राहिली.” मी लाजून ते खोडलं, पाटी कोरून देली. चौथ्या दिवशी तीच पाटी घेऊन ती परत आली. “नावाआधी जागा हाये नं?” एवढंच बोलली. ते अक्षर कोरतानाचा वास अजून नाकातून जात नाही. एकटीले करमत नाही, लवकर ये वं.