वर्तुळाची उत्तरपूजा

कित्येक वर्षं मी हर्मेटिक जादू, म्हणजे पाश्चात्त्यांची जुनी गूढविद्या, नुसती वाचली. चार तत्त्वं, चार दिशा, त्यांचे रक्षक, सगळं तोंडपाठ. आमच्या ऑनलाइन गटात नवख्यांना मीच बजावायचे, की बोलावलेल्याला निरोप दिल्याशिवाय वर्तुळाबाहेर पाऊल टाकायचं नाही. स्वतः मात्र एकही विधी केला नव्हता. शेवटी गटातल्या एकाने टोमणा मारलाच, "ताई, तुम्ही फक्त बोलता." माझं डोकं सटकलं. आणि डोकं सटकलं की मी कुणाचं ऐकत नाही.

रविवारी आई टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला गेली. मी डोंबिवलीच्या आमच्या हॉलमधला सोफा सरकवला, फरशीवर खडूने वर्तुळ काढलं, चार दिशांना मेणबत्त्या लावल्या. भर दुपारी खिडक्या बंद, पंखा बंद. खड्या आवाजात आवाहन म्हटलं. शेवटचं नाव उच्चारलं आणि माझ्या पाठीमागची मेणबत्ती विझली.

निरोपाचे शब्द पाठ होते, पण एक आठवेल तर शपथ. मी उडी मारून थेट गॅलरीत पळाले आणि वाळत घातलेल्या कपड्यांत उभी राहिले. आत जायची हिंमतच होईना.

मग दारात किल्ली फिरली. आता भीती वाटली ती आईसाठी. तिला बीपी आहे, आणि ती झोपते त्याच हॉलमध्ये. मी बोलावलेलं अजून गेलेलं नव्हतं.

"आई, आत नको येऊस!" मी ओरडले, तोवर ती पेढ्यांचा पुडा घेऊन वर्तुळात उभी.

"काय गं मांडलंयस हे?"

"पूजा होती एक. अर्धवट राहिली."

"म्हणजे उत्तरपूजा नाही केलीस? असं मांडून ठेवून पळतात होय?"

तिने हात धुतले, देवघरातून अक्षता आणल्या. मला इतकं हायसं वाटलं की रडूच फुटलं. निरोप द्यायची सवय असलेलं घरात कुणीतरी होतं.

आईने चारही मेणबत्त्यांवर अक्षता वाहिल्या, एकेक जराशी हलवली आणि दरवर्षी गणपतीला म्हणते तसंच, हात जोडून, अगदी मनापासून म्हणाली, "पुनरागमनाय च."

पुन्हा येण्यासाठी. एवढं संस्कृत मलाही येतं.

"उचल आता," म्हणत तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. तेव्हापासून मी माझी गादी हॉलमध्ये तिच्या शेजारी घालते. ती गाढ झोपते. मी दाराकडे बघत पडून राहते.