माघातला नकाशा

१२ मे १९३६. सकाळपासून झावळ्यांचे झाप विणत होते. शेजारच्या कोळीवाड्यातल्या जानकीने चार वर्षांनी पुन्हा होडी घेतली आहे, पावसाळ्यात त्या होडीवर घालायला हे झाप. तेवढ्यात जानकीच सांगत आली, की म्युनिसिपालटीच्या दारावर नोटीस लागली आहे. गावाचा नकाशा दुरुस्त व्हायचा आहे, हरकती महिन्याच्या आत. मला बांधकामांच्या परवानग्या बघणारे तिथले जुने ओव्हरशियर आठवले आणि हातातली झावळी मोडली.

"आधी नकाशा, मग माणूस," असं ते म्हणत. अर्ज कोणाचाही असो, ते उपरण्याने चष्मा पुसत, टेबलावर नकाशा पसरत आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर किनाऱ्यावरून आणलेले चार गोल दगड ठेवत. अर्जावरचं नाव शेवटी वाचत. असे कारकून-अंमलदार तुम्ही किती पाहिलेत?

नकाशा सरकारातून मंजूर होऊन आला होता. कुठे रस्ता, कुठे बाजार, कुठे बांधायचं नाही, सगळं त्यात. साधी पडवी काढायची तरी परवानगी त्याला धरूनच. मी गोठ्यासाठी अर्ज केला, तर ओव्हरशियर सुतळी आणि फक्कीचा डबा घेऊन दारात हजर. नुसता कागदावर नकार देणं त्यांना पटत नसे. जमिनीवर रेघ मारून दाखवत.

"बाई, तुमची गाय रस्त्यात उभी राहते."

"कुठे आहे रस्ता?"

"होईल."

मी गोठा हातभर मागे घेतला. पुढे त्यांनी म्युनिसिपालटीच्या प्रेसिडेंटसाहेबांच्या मेव्हण्याचा नवा ओटा अर्धा तोडायला लावला, तेव्हा मला गोठ्याचं दुःख उरलं नाही.

मग जानकीची पाळी आली. नवरा गेल्यावर तिचं घर एका होडीवर चाले. दीर ती दर्यात नेई. पावसाळ्याआधी होडी वर ओढायची आणि तिच्यावर झापांची खोप उभारायची, ही कोळीवाड्याची जुनी रीत. पण खांब जमिनीत गेले की ते बांधकाम, आणि नकाशात तिथे रस्ता. अर्ज मीच लिहून दिला.

"ही मोकळी जागा आहे," नकाशावर बोट ठेवून ते म्हणाले.

"मोकली? मंग आमची होरी काय तुज्या कचेरीन ठेवाची, सायबा?" जानकी कडाडली.

"मोजणी कधी झाली?" मी विचारलं.

"माघात."

"माघात होड्या दर्यात असतात! किनारा मोकळा दिसणार नाही तर काय?"

त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "हरकत मुदतीत घ्यायची होती, बाई. नोटीस महिनाभर दारावर होती."

होती. मी ती वाचलीही होती. माझ्या वाडीला धक्का नाही एवढं पाहून घरी आले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

होडी त्यांनी मारलेल्या फक्कीच्या रेघेच्या खाली, भरतीच्या तोंडाशी ठेवावी लागली. आषाढाच्या उधाणात ती खडकावर आपटून फुटली.

दुसऱ्याच दिवशी ओव्हरशियर भर पावसात किनाऱ्यावर. जानकीला विचारून प्रत्येक होडीची जुनी जागा सुतळीने मोजत होते. ती बोटाने जागा दाखवून पुढे चालू लागे. कचेरीत जाऊन त्यांनी मंजूर नकाशावर पेन्सिलीने होड्या काढल्या आणि दुरुस्तीचा प्रस्ताव लिहिला. सरकारी नकाशा खराब केला, म्हणून कमिटीने त्यांना कामावरून काढलं. मेव्हण्याचा ओटा महिनाभरात पुन्हा पुरा झाला. त्याने नकाशा खराब झाला नाही!

जाताना ते माझ्या कुंपणापाशी थांबले. होड्यांसकट केलेली नकाशाची नक्कल हातात दिली.

"चूक झाली, बाई. पण नकाशा हवाच. नाहीतर सगळा गाव मेव्हण्यांचा होईल. पुढची नोटीस चुकवू नका."

रेवसहून बोटीने मुंबईला गेले. पुन्हा पत्र नाही. माणूस सरळ होता, हे मी कुणालाही सांगेन. पण ती सुतळी होडी फुटायच्या आधी का काढली नाही, हा राग माझ्या मनातून जात नाही.

१३ मे. सकाळी झाप तसेच टाकले आणि जानकीला घेऊन कचेरीत गेले. नवे ओव्हरशियर चहा पीत होते. मी त्यांच्यापुढे नक्कल पसरली. ते चार दगड खिडकीत धूळ खात पडले होते, ते उचलून कोपऱ्यांवर ठेवले.

"नाव काय?" त्यांनी विचारलं.

"नाव मागाहून वाचा," मी म्हटलं. "आधी होड्या बघा. आणि हरकत मुदतीत आहे, पोच द्या."