रेघेबाहेर पडलेलं फूल

परवा नातीने बॅडमिंटनच्या फुलांचा नवा डबा उघडला. पिसांचा तो कोरा वास आला आणि मी थेट सातपूरच्या आमच्या कॉलनीत, बायकांच्या स्पर्धेत जाऊन पोहोचले.

स्पर्धा मीच भरवली होती. सगळ्यांसमोर चिठ्ठ्या उचलल्या, चुन्याच्या रेघा स्वतः आखल्या. कुणी पक्षपात झाला म्हणायला नको, एवढाच ध्यास. पण उपांत्य फेरीत मला मेघनाने हरवलं. ती येवल्याहून नुकतीच राहायला आलेली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. एरवी माझ्या बाजूने ओरडणाऱ्या बायका तिच्यासाठी टाळ्या पिटत होत्या. माझा नुसता जळफळाट झाला.

अंतिम सामन्याला पंच मी. शेवटच्या गुणाला मेघनाने मारलेलं फूल रेघेच्या बोटभर बाहेर पडलं. मला स्पष्ट दिसलं. पण ‘बाहेर’ म्हटलं तर माझ्या मनातलं सगळ्यांना कळेल, या भीतीने मी ओरडले, “आत! मेघना जिंकली!”

मेघना माझ्यापाशी आली. “नाही ताई, बाहेर पडलं. पॉइंट समोरच्या वहिनींचा.”

पुढे ती सामना हरली, तरी सगळ्या तिच्याभोवतीच जमल्या. खेळ तिचा चांगला होताच. निदान न्यायीपणा माझा, असं मी समजत होते. तोही तिने सहज नेला.

तेव्हा वाटलं, तिने मला चारचौघांत खोटं पाडलं. आता कळतं, तिने फक्त दिसलं ते सांगितलं होतं. इतकं सोपं होतं तिला ते. त्याचाच हेवा वाटतो, अजूनही.